ठळक छापलेले आकडे आणि साधे छापलेले आकडे: यकृत-मूत्रपिंडाचा अहवाल कसा वाचावा?

मैथिली

आई-बाबांची वार्षिक रक्ततपासणी गेल्या आठवड्यात झाली आणि तेव्हापासून बाबांचा अहवाल घरात हातोहात फिरतो आहे. बाबांचे वय ६२ आहे. अहवालात चार आकडे ठळक छापलेले आहेत आणि त्यांच्यापुढे वर जाणारे बाण आहेत: यकृताचे एसजीपीटी ६८ आणि एकूण बिलिरुबिन १.७ (त्यातले डायरेक्ट ०.३), मूत्रपिंडाचे युरिया ४६ आणि क्रिएटिनिन १.३. एसजीओटी ४० म्हणजे अगदी काठावर आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज ९४, अल्ब्युमिन ४.३ आणि प्लेटलेट अडीच लाख हे आकडे मर्यादेत आहेत.

मागच्या वर्षीची तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत केली होती. तेव्हा एसजीपीटी ६१, बिलिरुबिन १.५ आणि क्रिएटिनिन १.२ होते, आणि युरियाच्या जागी 'बीयूएन २०' असे लिहिले होते. म्हणजे वर्षभरात २० वरून थेट ४६! हा आकडा पाहून बाबांची झोप उडाली आहे. ते दारू पीत नाहीत, कोणतेही नियमित औषध घेत नाहीत. पोट मात्र सुटलेले आहे आणि साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही घर बदलले आणि त्यांनी हौसेने कपाटे व खोकी उचलली. शिवाय रांग लांबल्यामुळे जवळजवळ १४ तास ते उपाशी होते.

आईचे वय ६४ आहे आणि तिच्या अहवालात एकही आकडा ठळक नाही. तिचे क्रिएटिनिन १.१ आहे, म्हणजे बाबांपेक्षा चांगलेच, त्यामुळे तिचा कागद आम्ही निश्चिंत मनाने फाइलमध्ये लावून टाकला.

डॉक्टरांची वेळ आठ दिवसांनंतरची मिळाली आहे. या चर्चामंचावर निदान होत नाही, याची मला कल्पना आहे. पण भेटीला जाताना काय विचारायचे एवढे तरी कळावे, अशी इच्छा आहे. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही एकदम बिघडू लागले आहेत, असा याचा अर्थ होतो का?

परीक्षानळी

मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे, म्हणून आधी कागदाबद्दल बोलतो. रोगाबद्दल डॉक्टर मंडळी बोलतील.

तुमच्या बाबांची झोप ज्या आकड्याने उडवली, तो आकडा मुळात वाढलेलाच नाही म्हटले तरी चालेल. बीयूएन म्हणजे युरियामधील फक्त नायट्रोजनचे वजन, आणि 'युरिया' म्हणून जो आकडा छापतात ते संपूर्ण रेणूचे वजन. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. मागच्या वर्षीच्या २० चा युरिया ४३ होतो. म्हणजे ४३ चे ४६ झाले, आणि एवढा फरक आदल्या दिवशी पाणी कमी प्यायल्यानेही पडू शकतो. दोन प्रयोगशाळांचे कागद शेजारी ठेवून घाबरलेली माणसे मी खिडकीपाशी कित्येकदा पाहिली आहेत. तुलना करण्यापूर्वी चाचणीचे नाव आणि एकक ही दोन्ही जुळतात का, हे पाहायलाच हवे. क्रिएटिनिनही काही ठिकाणी मिलिग्रॅममध्ये, तर काही ठिकाणी मायक्रोमोलमध्ये देतात, तिथे १.३ चा आकडा ११५ होतो, आणि माणूस तेवढाच राहतो.

दुसरी गोष्ट ठळक छपाईची. संदर्भ मर्यादा ठरवताना निरोगी माणसांचे आकडे घेतात आणि मधले ९५ टक्के 'मर्यादेत' धरतात. म्हणजे कोणत्याही एका चाचणीत शंभरातील पाच धडधाकट माणसे मर्यादेबाहेर पडणार, हे त्या पद्धतीतच गृहीत आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. छापणाऱ्या यंत्राला मर्यादा ओलांडली एवढेच कळते. ती केसभर ओलांडली की हातभर, आणि कोणी ओलांडली, हे त्याला कळत नाही.

तिसरी गोष्ट नमुन्याची. रक्त घेताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील एसजीओटी आणि पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा फुगतो. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळीत वरचा द्रव फिकट पिवळ्याऐवजी गुलाबीसर दिसला की आम्ही ओळखायचो, आणि अहवालावर तशी टीप टाकायचो. ती टीप सहसा अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असते. ती वाचा.

जड सामान उचलल्यानेही एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम्स वाढतात, कारण ती स्नायूंतही असतात. माझ्या मते बाबांच्या एसजीपीटीचे कारण बहुधा ती कपाटेच असावीत.

किनारा

मी डॉक्टर नाही, पण बिलिरुबिनबद्दल अनुभवाने लिहिते. विशीत असताना एका तपासणीत माझे बिलिरुबिन २.१ आले आणि ओळखीतल्या सगळ्यांनी मला कावीळ झाल्याचे जाहीर करून टाकले. महिनाभर मी अंथरुणात काढला, सोनोग्राफी झाली, हिपॅटायटिसच्या चाचण्या झाल्या, आणि सगळे कोरे निघाले. शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितले की, वाढ फक्त इनडायरेक्ट भागात, म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेल्या बिलिरुबिनमध्ये आहे, बाकीची एन्झाइम्स उत्तम आहेत, हिमोग्लोबिन ठीक आहे, तेव्हा याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात आणि यावर काहीही उपचार करायचे नसतात.

यात बिलिरुबिनला पाण्यात विरघळण्याजोगे करणारे यकृतातील एक एन्झाइम जन्मतःच थोडे मंद असते. उपास घडला, ताप आला किंवा फार दमणूक झाली की आकडा वर जातो आणि आपोआप खाली येतो. तुमच्या बाबांच्या १.७ मधून ०.३ वजा केले तर १.४ हा सगळा इनडायरेक्ट भाग उरतो, मागच्या वर्षीही तो काठाबाहेर होता, आणि ते १४ तास उपाशी होते. मला तर माझाच जुना अहवाल वाचल्यासारखे वाटले.

अवलोकन

मी फिजिशियन आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत; एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे.

'लिव्हर फंक्शन टेस्ट' हे नावच थोडे दिशाभूल करणारे आहे. एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताची कामगिरी सांगत नाहीत. पेशींना इजा होऊन त्यांच्यातला माल रक्तात सांडतो आहे, एवढेच सांगतात. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी ही एन्झाइम्स पित्ताच्या वाटेबद्दल बोलतात, त्यातही अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येत असल्याने वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ते जास्तच असते. यकृत प्रत्यक्ष काय बनवते आहे, हे कळते अल्ब्युमिन या प्रथिनावरून आणि रक्त गोठण्याच्या वेळेवरून, म्हणजे पीटी-आयएनआरवरून. अल्ब्युमिनचे अर्धे आयुष्य सुमारे २० दिवसांचे असल्याने ते हळूहळू उतरते, तर गोठण घटकांपैकी काही तासांत संपतात, म्हणून अचानक बिघडलेल्या यकृताची बातमी आयएनआर आधी देतो. सिऱ्हॉसिसच्या, म्हणजे यकृत कायमचे निबर होण्याच्या, शेवटच्या टप्प्यात एसजीपीटी ३० असलेले रुग्ण मी पाहिले आहेत. सांडायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात. उलट तीव्र हिपॅटायटिस 'ए' मध्ये आकडा हजारांत जातो आणि बहुतेक माणसे पूर्ण बरी होतात.

आता बाबांकडे वळतो. कपाटे उचलल्याने आकडा वाढला असता, तर पहिल्या एक-दोन दिवसांत एसजीओटी अधिक वाढले असते, कारण स्नायूंमध्ये एसजीपीटीपेक्षा ते बरेच जास्त असते. इथे चित्र उलटे आहे, शिवाय मागच्या वर्षी कपाटे उचलली नव्हती तेव्हाही एसजीपीटी ६१ होतेच. तेव्हा खापर कपाटांवर फोडता येणार नाही. सुटलेले पोट, उंबरठ्यावरची साखर आणि एसजीओटीपेक्षा जास्त एसजीपीटी हे तिन्ही एकत्र पाहिले, तर यकृतात चरबी साठली असण्याची शक्यता सर्वांत वर येते. याची खात्री सोनोग्राफीने होईल. हिपॅटायटिस 'बी' आणि 'सी' च्या चाचण्या पूर्वी झाल्या नसतील तर एकदा करून घ्याव्यात.

चरबी आहे की नाही यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न, तिच्यामुळे यकृतात व्रण (जखम भरल्यावर राहतात तसे घट्ट वण) धरू लागले आहेत का, हा असतो. त्याचा पहिला अंदाज घरच्या घरी काढता येतो. 'फिब-४' नावाचे गुणोत्तर आहे: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. बाबांसाठी ६२ गुणिले ४० म्हणजे २४८०. ६८ चे वर्गमूळ सुमारे ८.२५, त्याला २५० ने गुणले की २०६२, भागाकार १.२. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर गंभीर व्रणांची शक्यता कमी असते, आणि २.६७ च्या वर गेला तर पुढील तपासणी टाळता येत नाही. म्हणजे घाईचे कारण नाही, पण दुर्लक्षाचेही नाही. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरले तर अशा यकृताची सूज बहुतेकदा ओसरते. त्यासाठी लिव्हर टॉनिकची बाटली आणू नका.

बिलिरुबिनबाबत किनारा यांच्याशी मी सहमत आहे. फक्त हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट (नव्याने तयार झालेल्या तांबड्या पेशी) पाहून तांबड्या पेशी अवाजवी फुटत नाहीत, एवढे निश्चित करावे.

क्रिएटिनिन १.२ चे १.३ झाले, याला मी 'वाढ' म्हणणार नाही. तेच रक्त त्याच यंत्रावर दुसऱ्या दिवशी तपासले तरी एवढा फरक येऊ शकतो. वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर, काढतात; २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने बाबांचा तो ६२ येतो. वयाच्या मानाने तो फार वाईट नाही. लघवीतील अल्ब्युमिन एकदा पाहावे आणि तीन महिन्यांनी, आदल्या दिवशी ओझी न उचलता आणि पुरेसे पाणी पिऊन, पुन्हा तपासावे.

मैथिली, तुमचा प्रश्न वाचताना मी खरा अडखळलो तो आईच्या आकड्यापाशी. तिचा कागद फाइलमधून बाहेर काढा.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या दैनंदिन झिजेतून निघणारा टाकाऊ पदार्थ आहे. ज्याचे स्नायू जास्त, त्याचे क्रिएटिनिन मूत्रपिंडे उत्तम असतानाही जास्त. म्हणून बाबांचे १.३ आणि आईचे १.१ यांची थेट तुलना करताच येत नाही. त्याच सूत्रात ६४ वर्षांची स्त्री आणि क्रिएटिनिन १.१ घातले, तर ईजीएफआर ५६ येतो. बाणांनी सजलेल्या बाबांचा ६२, आणि स्वच्छ अहवालाच्या आईचा ५६. काही प्रयोगशाळा ईजीएफआर छापतच नाहीत, त्यामुळे ही गोष्ट कोणाच्या नजरेस पडत नाही.

दोन गोष्टी कळवा: आईला रक्तदाब किंवा मधुमेह आहे का, आणि ती कोणती औषधे घेते? दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यात धरा.

मैथिली

कागद बाहेर काढला. ईजीएफआर खरोखरच छापलेला नाही. लघवीच्या तपासणीत 'अल्ब्युमिन: नाही' असे लिहिले आहे, म्हणजे मूत्रपिंडे ठीक आहेत ना?

आईला बारा वर्षांपासून रक्तदाब आहे, मधुमेह नाही. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी एकत्र गोळी ती रोज घेते. गुडघे दुखतात म्हणून गेले सहा-सात महिने डायक्लोफिनॅकही घेते. ती 'कधीतरी' म्हणते, पण रिकाम्या पाकिटांवरून आठवड्यात चार-पाच वेळा होत असावे. शरीराने ती अगदी किरकोळ आहे. आणि ५६ म्हणजे तिची मूत्रपिंडे ५६ टक्केच चालतात असे समजायचे का? हे तिला कसे सांगावे, ते कळत नाही.

परीक्षानळी

कपाटांबाबत माझा अंदाज चुकला, हे मान्य. लघवीबद्दल मात्र सांगू शकतो: ती नोंद पट्टीवरची असते. पट्टी लघवीत बुडवून रंग पाहतात, आणि अल्ब्युमिन थोड्या प्रमाणात असेल तर रंग बदलत नाही. त्यातच भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ असली तर ते आणखीच लपते. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर, वेगळे सांगून करून घ्यावे लागते. लघवी पातळ असो वा घट्ट, दोन्हींचे प्रमाण एकदमच बदलत असल्याने गुणोत्तर फारसे हलत नाही. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना सर्वांत चांगला.

अवलोकन

आधी टक्क्यांचा प्रश्न. ईजीएफआर म्हणजे मूत्रपिंडे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, याचा शरीराच्या प्रमाणित आकारमानानुसार काढलेला अंदाज. निरोगी तरुण माणसात तो १०० च्या आसपास असल्याने समजायला सोपे म्हणून आम्हीही टक्के म्हणून मोकळे होतो. पण वयानुसार तो सर्वांचाच उतरतो, त्यामुळे चौसष्टाव्या वर्षी १०० ची अपेक्षा कोणी धरत नाही. शिवाय हा अंदाजच आहे. प्रत्यक्ष मोजमापापेक्षा तो २०-३० टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकतो. एका आकड्यावर मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचे निदान होत नाही. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, किंवा एसीआर तेवढाच काळ ३० किंवा त्याहून जास्त राहिला, तरच ते नाव द्यायचे, असा संकेत आहे.

तरी आईच्या बाबतीत मी थांबून राहणार नाही, आणि त्याचे कारण आकड्यापेक्षा औषधांत आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी एक बारीक नलिका असते आणि नेणारी दुसरी. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणणारी नलिका आवळतात, टेल्मिसार्टन नेणारी सैल करते, आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड शरीरातील पाणी कमी करते. यातील एकेक औषध एकटे असताना शरीर सांभाळून घेते. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब पडतो. उलट्या-जुलाबांच्या दिवशी तर क्रिएटिनिन झपाट्याने चढू शकते. रक्तदाबाची गोळी मात्र मनाने बंद करू नका, कारण दीर्घकाळात तीच मूत्रपिंडांचे रक्षण करते. काढायची आहे ती वेदनाशामक गोळी, आणि तिच्या जागी काय द्यायचे हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यासाठी आठ दिवस थांबू नका; उद्याच फोन करून विचारा.

आई किरकोळ बांध्याची आहे, हे तुम्ही सांगितले ते बरे झाले. स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिन कमी तयार होते, आणि मग सूत्र मूत्रपिंडांना वाजवीपेक्षा जास्त गुण देऊन टाकते. अशा वेळी सिस्टाटिन-सी ही चाचणी मदतीला येते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. ती सर्वत्र होत नाही आणि पहिल्या फेरीत गरजेचीही नाही. आधी एसीआर, पोटॅशियम आणि सोडियम करून घ्या. वेदनाशामक बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा पाहा, आणि तीन महिन्यांनी आणखी एकदा. जुने अहवाल असतील तेवढे सगळे शोधा. पाच वर्षांपूर्वीही क्रिएटिनिन १.१ च असेल, तर चित्र एक. सात महिन्यांपूर्वी ०.८ असेल, तर अगदी वेगळे.

तिला कसे सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. ५६ चा उल्लेख पहिल्या वाक्यात करू नका. गुडघ्याच्या गोळीपासून सुरुवात करा.

मैथिली

जुन्या फाइलींमध्ये मागच्या वर्षीचा कागद सापडला. क्रिएटिनिन ०.९ होते. गोळ्यांची पाकिटे डब्यातून काढून ठेवली आहेत, डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले, आणि उद्या सकाळी बाबांच्या आधी आईचा नंबर लावला आहे. एसीआरचा आकडा आला की इथेच लिहीन.